मुक्त, मोफत आणि मुकाट्याने

लिनक्सच्या एखाद्या वितरणाविषयी तक्रार केली की दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले : 'फुकट मिळते आहे ना, मग कुरकुर कसली?' दुसरे : 'सगळी संहिता खुली आहे, दोष दिसतो तर तुम्हीच दुरुस्त करा.' वाङ्मयाच्या अभ्यासकांना ही उत्तरे ओळखीची वाटतील. कादंबरी फसली असे म्हणणाऱ्या समीक्षकाला 'मग तुम्ही लिहून दाखवा' असे सुनावण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. जो युक्तिवाद साहित्यात आपण केव्हाच निकालात काढला, तो संगणकाच्या प्रांतात मात्र निमूट मान्य करतो. आमचा या दोन्ही उत्तरांना विरोध आहे, आणि तो लिनक्सच्या बाजूनेच आहे.

वितरण म्हणजे काय, हे आधी पाहू. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली जो प्रसिद्ध केला तो प्रणालीचा केवळ गाभा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पातली साधने, पडद्यावरची मांडणी, ध्वनीची व्यवस्था, टंक, न्याहाळक हे सारे निरनिराळ्या हातांनी लिहिलेले असते. त्यातून निवड करणे, निवडलेले एकमेकांशी जुळते की नाही हे तपासणे आणि एकसंध रूपात ते लोकांच्या हाती देणे, हे वितरणाचे काम. थोडक्यात, वितरणकर्त्याची भूमिका बहुतांशी संपादकाची असते. संपादकाला आपण कोणते प्रश्न विचारतो? हा मजकूर का घेतला? मुद्रिते कोणी तपासली? अपुरा खर्डा छापायला का दिला? हेच प्रश्न येथेही विचारले पाहिजेत.

२००८ च्या जानेवारीत केडीई या डेस्कटॉपची ४.० ही आवृत्ती आली. ती अजून सर्वांच्या रोजच्या वापराची झालेली नाही, असे तिच्या कर्त्यांपैकी काहींनीच सांगितले होते. तरीही त्याच वर्षी मे महिन्यात फेडोरा ९ ने जुनी, स्थिरावलेली ३.५ बाजूला सारून तीच आवृत्ती दिली. जूनमध्ये आलेल्या ओपनसुसे ११.० ने दोन्ही ठेवल्या आणि निवड वापरणाऱ्यावर सोपवली. मजकूर एकच, संपादक दोन. स्वतः टोरवाल्ड्स तेव्हा फेडोरा वापरत असत. २००९ मध्ये त्यांनी या प्रकाराविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि ते ग्नोम डेस्कटॉपकडे वळले. 'तुम्हीच लिहून दाखवा' हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

थांबण्याचीही उदाहरणे आहेत. उबुंटूची एक आवृत्ती २००६ च्या एप्रिलमध्ये यायची होती. ती अधिक घोटून घेण्यासाठी जूनमध्ये आणली गेली आणि म्हणून तिचा क्रमांक ६.०६ झाला. डेबियनच्या ३.० (जुलै २००२) आणि ३.१ (जून २००५) या आवृत्त्यांमध्ये जवळजवळ तीन वर्षे गेली. त्या विलंबाची पुष्कळ थट्टा झाली. परंतु तयार झाल्याशिवाय हातावेगळे करायचे नाही, ही संपादकीय शिस्तच आहे.

या शिस्तीचा अभाव काय करतो, ते आम्ही अनुभवले आहे. वितरणाचे नाव घेत नाही. सुमारे वीस वर्षे आमचे सारे लेखनवाचन लिनक्सवरच चालते, आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याचे आम्हाला भय नाही. चार जीबी स्मृतीच्या एका जुन्या संगणकावर आम्ही त्याच वितरणाची पुढली आवृत्ती चढवली. तोवर कामाला पुरणारे ते यंत्र न्याहाळक आणि लेखनाची आज्ञावली एकत्र उघडताच गुदमरू लागले. स्मृती संपून सारा भार हार्ड डिस्कवर जाई आणि माउसचा बाण जागीच थिजे. सामायिक घटक एकदाच ठेवून सर्वांनी वापरण्याची जुनी काटकसर त्यात बरीच मोडली होती. कितीतरी आज्ञावल्या आपापले बिऱ्हाड पाठीवर घेऊन आलेल्या. झाकण मिटून उघडले की वाय-फाय बेपत्ता. आणि मराठीचे काय? 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत समुद्र आणि डोंगर यांचे अंतर आहे, हे येथे सांगायला नको. 'दऱ्या'मधला आडवा, अर्धा र नव्या मूळ टंकात पाय मोडलेला र आणि सुटा 'या' असा फुटत होता. 'ल' आणि 'श' हिंदीच्या वळणाचे. समर्थित भाषांच्या यादीत मात्र मराठीचे नाव होते!

दोष रीतसर नोंदवला. काही महिन्यांनी, 'या आवृत्तीची मुदत संपली आहे' अशा यांत्रिक शेऱ्यानिशी तक्रार बंद झाली. पुढल्या आवृत्तीत तोच दोष तसाच होता.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात स्वातंत्र्य आणि विनामूल्यता यांची गल्लत होते, आणि ती दूर करण्यात स्टॉलमन यांची कित्येक वर्षे गेली. मराठीत 'मुक्त' आणि 'मोफत' हे दोन स्वच्छ शब्द आपल्याजवळ आहेत. असे असता मुक्ततेचा बचाव मोफतपणाने करणे, हे त्या चळवळीचेच अवमूल्यन आहे. संहिता बदलण्याची मुभा हा हक्क आहे. ती तक्रार करण्याआधीची अट कधीपासून झाली? परवान्यात कसलीही हमी दिलेली नसते, हे खरे. त्याने न्यायालयातला दावा टळतो. समीक्षा टळत नाही. विनावेतन राबणाऱ्यांविषयी आम्हाला आदर आहे. पण त्यांचे श्रम अर्धवट बांधणीमुळे वाया जात असतील, तर तसे न सांगणे हा त्या श्रमांचाच अनादर होय.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपला, आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारी असंख्य यंत्रे मागे उरली. एखाद्या मराठी विभागाच्या कोपऱ्यात असे यंत्र असेल, तर कोणीतरी 'लिनक्स घाला' असे सुचवणारच. सल्ला योग्य आहे. आम्हीही तोच देऊ. परंतु ज्या विद्यार्थिनीचा प्रबंध पहिल्याच आठवड्यात अडकला आणि ज्या शिक्षकाला आपल्या भाषेचे अक्षर फुटलेले दिसले, त्यांना मुक्ततेचे तत्त्वज्ञान ऐकवून कोणी थांबवू शकणार नाही. ते लिनक्सलाच नावे ठेवून परततील, वितरणाला नव्हे.

किती स्मृती लागेल ते प्रामाणिकपणे सांगा. जे सिद्ध झालेले नाही ते मागे ठेवा. एखाद्या भाषेचे नाव यादीत घालण्यापूर्वी त्या भाषेतले एक पान उघडून वाचा. एवढेही होत नसेल, तर त्याला संपादन म्हणू नये. ती नुसती हमाली झाली.