पुराचा फोटो सुंदर असावा का?

फेब्रुवारी २०२० मधली गोष्ट. नववीच्या वर्गात नदी शिकवत होतो. इंग्लंडात नोकरी करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने यॉर्क शहरातल्या पुराचे फोटो पाठवले होते, ते प्रोजेक्टरवर लावले. ऊझ नदी किंग्ज स्टेथ या जुन्या धक्क्यावर चढलेली, काठावरच्या पबच्या दारात पाणी, दिव्यांचा पिवळा उजेड त्या पाण्यात हलतोय. वर्ग म्हणाला, "वा!" मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र म्हणाली, "सर, आतल्या गाद्यांचं काय झालं असंल?"

आमची शाळा सांगलीजवळची. सहाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१९ मध्ये, कृष्णेचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. मी हे विसरलो कसा, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. फोटो देखणा होता म्हणून निवडला, एवढंच.

नंतर एक सहकारी म्हणाले, "कशाला दाखवायचे असले फोटो? पोरांच्या जखमा ओल्या आहेत." मला हे पटत नाही. फोटो दाखवायलाच हवेत, पण नुसते बघायला नाही, वाचायला.

आता हेच बघा. मुलांचा पहिला प्रश्न होता, "आपला पूर श्रावणात, त्यांचा माघात कसा?" तिकडे पाऊस वर्षभर पडतो. हिवाळ्यात अटलांटिकवरून वादळं एकामागून एक येतात, जमीन आधीच भिजलेली असते, थंडीमुळे बाष्पीभवन कमी, कधी डोंगरावरचं बर्फही वितळतं. दुसरा प्रश्न एका मुलाने फोटो बघूनच काढला : आकाश निरभ्र आहे, मग पूर कुठला? स्वेल, यूर आणि निड या नद्या यॉर्कशायर डेल्सच्या डोंगरांतून पाणी आणतात; पाऊस तिकडे पडतो आणि यॉर्कला पाणी नंतर चढतं. हे सांगलीच्या पोरांना समजवावं लागलं नाही. महाबळेश्वर, कोयनेकडे कोसळला की इथे काय होतं, ते त्यांना पाठ आहे.

पुराच्या फोटोत माप हवं, असं माझं ठाम मत आहे. बाक, दिव्याचा खांब, दाराची कडी, काहीतरी ओळखीचं. त्याच जागेवरून काढलेला कोरड्या दिवसाचा फोटो शेजारी असेल तर फारच उत्तम. यॉर्कच्या त्या 'किंग्ज आर्म्स' पबात जुन्या पुरांच्या खुणा नोंदवून ठेवल्या आहेत. नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर वर गेली होती. आमची मुलं आयर्विन पुलाशी फूट मोजतात; ४५ म्हणजे धोका, हे तिसरीतलं पोरगंही सांगतं.

आणि फोटोत न दिसणारं शिक्षकाने सांगावं. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कला फॉस नदीवरचा पूर अडवणारा दरवाजा उचलावा लागला, कारण पंपांच्या इमारतीतच पाणी शिरू लागलं होतं. शेकडो घरांत पाणी गेलं. फोटोत मात्र रस्त्यावरून जाणारी होडी दिसते, आणि होडी बघून मुलांना मजाच वाटते.

पालकांना एक विनंती. पाणी चढत असताना मुलांना फोटोसाठी काठावर धाडू नका, स्वतःही जाऊ नका. गढूळ पाण्याखाली उघडं गटार आहे की रस्ता, कळत नाही. फूटभर वाहतं पाणी मोटारसुद्धा ढकलतं.

आम्ही त्या आठवड्यात मुलांना गृहपाठ दिला, पुराची खूण अजून कुठे दिसते तिचा फोटो काढून आणा. ज्याला नको वाटेल त्याने आणू नये, हेही सांगितलं. ती मुलगी आणेल असं वाटलं नव्हतं. तिने आणला. घरातली भिंत, कॅलेंडरचा खिळा, त्याच्याही वर चिखलाची तपकिरी रेघ. रेघेखाली तिचा धाकटा भाऊ ताठ उभा. "सर, माप पाहिजे म्हणालात ना," ती म्हणाली.