कोटमसरच्या गुहेत दिवे नकोत

दिवाळीच्या सुट्टीत बस्तरला जाणारी मराठी मंडळी आता बरीच भेटतात. चित्रकोटचा धबधबा, दंतेश्वरीचं दर्शन आणि कांगेर खोऱ्यातली कोटमसर गुहा, असा ठरलेला बेत असतो. आम्हीही त्यातलेच. गुहेतून वर आल्या आल्या आमच्यातल्या एका गृहस्थांनी फर्मान सोडलं, "बोरा गुहांसारखे रंगीत लाइट लावायला पाहिजेत राव इथं!" चौघांनी माना डोलावल्या. मी पुण्यात प्राणिशास्त्र शिकवते. तिथं घाम पुसत जे नीट बोलता आलं नाही, ते इथं मांडते.

कोटमसर चुनखडीची गुहा. तोंड इतकं अरुंद की अंग चोरून लोखंडी जिन्यानं उतरावं लागतं. वाटाड्या दिवा वळवेल तेवढंच दिसतं: छतातून लोंबणारी चुनखडीची झुंबरं, ओलसर भिंती आणि एका डबक्यात करंगळीहून लहान, फिक्कट मासा. याचे डोळस भाऊबंद आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत राहतात. फ्रान्सिस डे यांनी 1872 मध्ये या जातीचं पहिलं वर्णन केलं, ते पुण्याच्या माशांवरून. गुहेतल्या शाखेनं पिढ्यान्‌पिढ्या काळोखात काढल्या आणि डोळे, रंग दोन्ही गमावले. सगळे सारखे आंधळे नाहीत. काहींना बारीक ठिपक्याएवढा डोळा उरलाय. उत्क्रांती शिकवताना मला फळ्यावर जे काढून दाखवावं लागतं, ते इथं पाण्यात पोहतंय. शंकर तिवारी या भूगोलाच्या अभ्यासकानं 1950च्या दशकात ही गुहा धुंडाळली. इथल्या एका रातकिड्याच्या जातीला त्यांचंच नाव आहे.

कायमचे दिवे लावले की उजेड आणि ऊब मिळून खडकावर शेवाळ धरतं. वटवाघळं जागा सोडतात. त्यांच्या विष्ठेवर किडे जगतात, म्हणजे तेही गेले. फोटो छान येतील, पण आंधळा मासा बघायला जाऊन त्याच्या काळोखावरच घाला घालायचा, हा कुठला न्याय? 2025 मध्ये कांगेर घाटीचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलंय. गर्दी वाढणार, आणि सोबत दिव्यांची मागणीही.

उजेड, गप्पा, फोटो हे सगळं कांगेर नदीवर भरपूर मिळतं. कांगेरच्या काठचं धुडमारास हे आदिवासी गाव 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेनं उन्नयन कार्यक्रमासाठी निवडलेल्या जगभरच्या 20 गावांत होतं. तंबूत राहिलो. गावातली पोरं बांबूचा तराफा चालवतात. वल्हं नाही, लांब बांबू तळाला टेकवून रेटायचं. "मॅडम, पैर अंदर," एवढंच आमच्या तराफ्यावरचा पोरगा मला दोनदा म्हणाला. बाकी वेळ त्याचं लक्ष पाण्यातल्या दगडांवर. दुपारी पानांच्या द्रोणात नाचणीची पेज आणि चापडा, म्हणजे लाल मुंग्यांची आंबट चटणी. (आमच्या गृहस्थांनी ती दोनदा मागून घेतली, हेही नोंदवते.) रात्री शेजारच्या तंबूत कोणी स्पीकर लावला, तर गावातली दोन माणसं आली आणि तो बंद करवून गेली. हुज्जत नाही, आवाज चढवणं नाही. नदी त्यांची, नियम त्यांचे, पैसाही बराचसा त्यांच्याच हाती. म्हणून ते नियम टिकतात.

तंबूंची संख्या मात्र गावानंच ठरवावी, जगदलपूरच्या किंवा नागपूरच्या ट्रॅव्हल कंपन्यांनी नाही.

पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, म्हणून ती बंद असते. पावसाळा सरल्यावर उघडते. तेव्हा जरूर जा. गुहेला तासभर द्या, नदीला दोन दिवस. खडकाला हात लावू नका, आणि कोणी अभिप्राय विचारला तर दिवे मागू नका.