सतार घेताना दांडीची पाठ चाचपा

कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस सतारी घडवणाऱ्या मिरजेला थांबते आणि वर्ध्यालाही. तरी वर्ध्यातल्या एखाद्या घरात पहिली सतार येते ती बहुधा नागपूरच्या दुकानातून, नाहीतर मोबाइलवर फोटो बघून. फोटोत भोपळा दिसतो, नक्षी दिसते, तरफांच्या खुंट्या दिसतात. दांडी मागून किती फुगीर आहे हे मात्र दिसत नाही, आणि डाव्या हाताचा सगळा संसार तर तिथेच चालतो.

सतारीची दांडी समोरून तीनएक इंच रुंद असते. ही रुंदी हौसेची नाही. मींड घेताना तार पडद्यावर आडवी ओढावी लागते. चार-पाच स्वरांची मींड काढायची तर तेवढी जागा हवीच. प्रश्न आहे तो पाठीचा. अंगठा तिथे टेकतो आणि बोटे पडद्यांवर फिरतात. पाठ फार फुगीर असली की लहान पंजाच्या मुलाचा अंगठा ताणला जातो, मनगट मुडपते आणि ओढीचा सगळा भार खांद्यावर येतो. मग रियाज कमी पडतोय, असे ऐकून घ्यावे लागते ते त्या मुलालाच!

मग दांडी सरळ बारीक करावी? तसेही नाही. तारांचा ताण अष्टौप्रहर असतो. अंग कमी असलेली दांडी वाकते, तारा पडद्यांपासून उचलल्या जातात आणि दाबायला आणखी जड होतात.

जाडीच्या बाजूने बोलणारा दाखला पनवेलजवळच्या पळस्प्याचा. तिथे गुरुकुल चालवणाऱ्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९–१९९०) यांनी रुद्रवीणेची दांडी जाड करून घेतली, तुंबे मोठे केले. त्यांना खोल, रेंगाळणारा नाद हवा होता. वीणा खांद्याला टेकवायची जुनी धाटणीही त्यांनी सोडली आणि ती सरस्वती वीणेसारखी धरली. एवढ्या तयारीच्या कलावंताला हा सौदा परवडतो. दहा वर्षांच्या मुलीने तो का करावा?

दांडी बदलली की हातालाही बदलावे लागते, हे युरोपातही दिसते. तिथल्या ल्यूट या तंतुवाद्यावर १५०० च्या सुमारास तारांचे सहा गट असत, अठराव्या शतकात ते तेरापर्यंत गेले. दांडी रुंदावत गेली तसे हातालाही नवे वळण घ्यावे लागले.

मिरजेत सतारी घडवण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आहे. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब हे त्याचे मूळपुरुष. लाकूड तुणीचे, भोपळे पंढरपूरकडचे. तिथे पुरुषांचा तंबोरा मोठा आणि बायकांचा लहान करतात, कारण गळ्याची पट्टी वेगळी. गळ्याची एवढी कदर करणाऱ्या बाजारात हाताची चौकशी गिऱ्हाईकच करत नाही, हे नवल. दांडी हातानेच तासली जाते. आधी सांगितले तर पाठ थोडी कमी करणे कारागिराला अवघड नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अस्सल माल ओळखायला ते उपयोगी आहे, पण तो माल कोणाच्या पंजात बसेल हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

वर्ध्यातल्या संगीतवर्गांनी निदान दोन वेगळ्या जाडीच्या सतारी ठेवाव्यात. नव्या मुलाला दोन्हींवर बसवावे, अंगठा कुठे विसावतो ते पाहावे, दांडीभोवती दोरा फिरवून घेर मोजावा आणि ऑर्डर देताना तो आकडा मिरजेला कळवावा. रंग आणि नक्षीची पसंती त्यानंतर.