कालचा वाटा म्हणजे हक्क नव्हे

अमेरिकेत वॉशिंग्टनच्या शेजारी, व्हर्जिनिया राज्यातील फेअरफॅक्स परगण्यात थॉमस जेफरसन हायस्कूल नावाची विज्ञान-तंत्रज्ञानाची नामांकित सरकारी शाळा आहे. तिच्या प्रवेशावरून गाजलेला खटला आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून समजून घेतला पाहिजे. कारण नव्या धोरणाला विरोध करणाऱ्यांत भारतीय वंशाचे पालकही होते आणि त्यांचा सूर आपण मंडलपासून ऐकत आलो तोच होता: गुणवत्ता बुडाली!

2020 पर्यंत प्रवेशाचा मुख्य आधार परीक्षा होता. अर्जाची फी 100 डॉलर, शिवाय तयारीसाठी महागडे क्लास. 2020 साली 486 मुलांना प्रवेश मिळाला. त्यात कृष्णवर्णीय दहासुद्धा नव्हते आणि गरीब घरातली मुले होती अवघी 3. आशियाई वंशाची मुले सुमारे 73 टक्के होती. करदात्यांच्या पैशावर चालणारी ही शाळा मोजक्या सुखवस्तू वस्त्यांची झाली होती.

जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर शाळा मंडळाला जाग आली. परीक्षा आणि अर्जाची फी रद्द झाली. प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का इतक्या जागा त्या शाळेतील मुलांसाठी राखल्या गेल्या. उरलेल्या जागांसाठी गुणांबरोबर गरिबी, घरची भाषा अशा बाबीही पाहायच्या ठरल्या. अर्ज तपासणाऱ्याला मुलाचे नाव, वंश, लिंग यांपैकी काहीच कळत नाही. 2021 साली 550 जागांपैकी 25 टक्के गरीब मुलांना मिळाल्या.

पालकांची संघटना कोर्टात गेली. 2022 साली जिल्हा न्यायाधीशांनी धोरण घटनाबाह्य ठरवले. मे 2023 मध्ये अपिलीय न्यायालयाने 2 विरुद्ध 1 मतांनी तो निकाल फिरवला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. पालकांचे म्हणणे होते, आमचा वाटा 73 वरून 54 टक्क्यांवर आला, म्हणजे अन्याय झाला. अपिलीय न्यायालयाने वेगळा हिशेब मांडला. अर्जदारांत आशियाई मुले 48.59 टक्के होती, त्यांना जागा मिळाल्या 54.36 टक्के. मग नुकसान कुठे झाले? जुन्या पद्धतीत मिळत होते तेवढेच यापुढेही मिळावे, असा कायद्याने दिलेला हक्क नाही. आणखी एक आकडा या मंडळींनी सोयीस्करपणे बाजूला ठेवला. आशियाई गरीब मुले आदल्या वर्षी 1 होती, नव्या पद्धतीत 51 झाली. ‘आमची मुले’ म्हणताना ही 51 मुले कोणाची धरायची?

आपल्याकडे ‘ओपनच्या जागा कमी झाल्या’ ही ओरड याच चुकीच्या हिशेबावर उभी आहे. शतकानुशतके बळकावलेला वाटा हाच नैसर्गिक वाटा मानायचा आणि त्यातून काही सुटले की लुटले गेल्याचा कांगावा करायचा! जानेवारी 2022 मध्ये नील ऑरेलिओ नुनिस खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की खुल्या स्पर्धा परीक्षेतील गुण म्हणजेच गुणवत्ता असे मानता येणार नाही. किती वकील मित्र हा निकाल वादविवादात वापरतात, कोण जाणे.

तरीही अमेरिकेच्या धोरणाला डोक्यावर घेऊन नाचण्याचे कारण नाही. तिथे वंशाचे नाव घेऊन जागा ठेवता येत नाहीत, म्हणून शाळेच्या पत्त्याचा वळसा घ्यावा लागला. नवोदय विद्यालयांत आपल्याकडे किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात, हाही पत्त्याचाच निकष. पण गावाचा पत्ता पाटलाच्या मुलाचाही असतो आणि वस्तीतल्या मुलाचाही. म्हणूनच तिथे अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण वेगळे ठेवावे लागले. जातीचे नाव घेऊन ते ठेवता येते, कारण संविधानात कलम 15(4) आहे. फेअरफॅक्सच्या शाळा मंडळाच्या हाती असे कलम नव्हते. वंशाचा उल्लेखही नसलेल्या त्या धोरणामागे 2025 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याची चौकशी लागली.