विश्लेषण : राशीचे रत्न... पण नेमके कोणत्या राशीचे?

गुरुपुष्यामृत, अक्षय्य तृतीया किंवा दिवाळी जवळ आली की मोबाइलवर ‘तुमच्या राशीचे भाग्यरत्न’ सांगणाऱ्या जाहिरातींचा ओघ सुरू होतो. जन्मतारीख टाका, रत्न निवडा आणि अंगठी घरपोच मिळवा, इतका हा व्यवहार सोपा झाला आहे. लग्न जमत नाही, नोकरी टिकत नाही, आजार हटत नाही, अशा अडचणीच्या काळात अनेक कुटुंबे त्यासाठी हजारो रुपये मोजतात. राशी आणि रत्नाचे हे नाते कुठून आले आणि ग्राहकाच्या हाती प्रत्यक्षात काय पडते, याविषयी...

राशी-रत्नाची जोडी कशी ठरते?

भारतीय परंपरेत रत्न राशीशी नव्हे, तर ग्रहाशी जोडलेले आहे. सूर्याचे माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचे पोवळे, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद आणि केतूचा लसण्या ही ती नवरत्ने. राशीचा जो स्वामी ग्रह, त्याचे रत्न त्या राशीला दिले जाते. त्यामुळे मेष आणि वृश्चिक या दोन्ही राशींना पोवळे, तर मकर आणि कुंभ या दोन्ही राशींना नीलम येतो. पारंपरिक मांडणीत राहू-केतूंकडे राशींचे स्वामित्व नाही. म्हणून ‘बारा राशींची रत्ने’ या यादीत गोमेद आणि लसण्या सहसा दिसत नाहीत.

ही परंपरा किती जुनी?

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, माणिक आणि पाचू यांच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय आहेत. शुभ रत्नाने राजाचे भले होते आणि सदोष रत्नाने अनिष्ट होते, अशी धारणा त्यात आहे. भर मात्र रत्नाची प्रत, रंग, दोष आणि उगमस्थान ओळखण्यावर आहे. ग्रहांनुसार नऊ रत्नांची जोडी ‘जातक पारिजात’सारख्या नंतरच्या ग्रंथात आढळते.

पाश्चात्त्य ‘बर्थस्टोन’ वेगळे कसे?

तिकडची प्रचलित यादी जन्ममहिन्यावर आधारलेली आहे. बायबलमध्ये प्रमुख पुरोहिताच्या उरस्त्राणावरील १२ रत्नांचा उल्लेख आहे. पुढे त्यांची सांगड १२ राशी आणि १२ महिन्यांशी घातली गेली. आज वापरात असलेल्या यादीचा पाया मात्र अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ मध्ये घातला. त्यानंतरही तिच्यात भर पडत गेली. टांझानियात १९६७ मध्ये सापडलेले टांझानाइट २००२ मध्ये डिसेंबरच्या रत्नांत दाखल झाले. म्हणजे ही यादी जितकी परंपरेची, तितकीच बाजारपेठेचीही आहे.

एकाच व्यक्तीला वेगवेगळी रत्ने का?

समजा, एखाद्याचा जन्म ५ एप्रिलचा आहे. महिन्याच्या यादीनुसार त्याचे रत्न हिरा. पाश्चात्त्य सूर्यरास मेष, म्हणून पोवळे. भारतीय निरयन पद्धतीत त्या दिवशी सूर्य मीन राशीत असतो, म्हणून पुष्कराज. दोन्ही पद्धतींत आज सुमारे २४ अंशांचा फरक असल्याने असे होते. महाराष्ट्रात ‘रास’ म्हणजे चंद्ररास. जन्मवेळी चंद्र कर्केत असेल, तर मोती. लग्नरास पाहणारा ज्योतिषी आणखी वेगळे रत्न सुचवू शकतो. केवळ जन्मतारखेवरून रत्न सांगणारे अ‍ॅप यातील कोणती पद्धत वापरते, हे ग्राहकाला अनेकदा कळतच नाही.

वैज्ञानिक आधार आहे का?

ग्रहांचा प्रभाव रत्नामार्फत शरीरावर होतो, याला वैज्ञानिक पुरावा नाही. सूर्य आणि शनी ज्योतिषात परस्परांचे शत्रू मानले जातात, पण त्यांची रत्ने माणिक आणि नीलम एकाच खनिजाची, म्हणजे कुरुंदाची रूपे आहेत. अल्पशा क्रोमियममुळे ते लाल होते, तर लोह आणि टायटॅनियममुळे निळे. पुष्कराज म्हणून विकला जाणारा पिवळा नीलमही कुरुंदच. मूळ पत्रिकेच्या भाकिताचीही चाचणी झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्यासह चौघांनी हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या. २७ ज्योतिषांच्या उत्तरांत सरासरी अचूकता ४६ टक्के होती. नाणेफेकीतही साधारण ५० टक्के उत्तरे बरोबर येतात.

फसवणूक कुठे होते?

श्रद्धेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी व्यवहाराचा प्रश्न उरतोच. भेगांत शिसेयुक्त काच भरलेले माणिक अस्सल माणकाच्या भावाने विकले जाते. लिंबाच्या रसानेही ही काच खराब होऊ शकते. पुष्कराज सांगून स्वस्त सुनेला दिला जातो. वजनातही गोंधळ असतो. सोनारी रत्ती सुमारे ०.६ कॅरटची, तर रत्नबाजारातील रत्ती सुमारे ०.९ कॅरटची धरतात. म्हणजे ‘पाच रत्ती’चा खडा तीन कॅरटचाही असू शकतो आणि साडेचार कॅरटचाही. अंगठीवरील हॉलमार्क फक्त सोन्याची शुद्धता सांगतो. खड्याची हमी तो देत नाही.

कायदा काय सांगतो?

रत्न विकणे किंवा घालणे बेकायदा नाही. प्रश्न दाव्यांचा आहे. दैवी शक्तीच्या वस्तूने रोग बरा होतो, अशी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये, चमत्कारी गुणांचा दावा करून यंत्र किंवा तत्सम वस्तू विकणाऱ्या टीव्ही जाहिराती राज्याच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार बेकायदा ठरवल्या. हा वाद एका यंत्राच्या जाहिरातीवरून उभा राहिला होता. चमत्काराची हमी देऊन रत्न विकणाऱ्यांनाही तो लागू होऊ शकतो. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दंड होऊ शकतो.

ग्राहकाने काय करावे?

रत्न घ्यायचेच असेल, तर बिलावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : रत्नाचे नाव, कॅरटमधील वजन, ते नैसर्गिक आहे की प्रयोगशाळेत बनवलेले, आणि त्यावर उष्णता, रंग किंवा काचेची प्रक्रिया झाली आहे का. महागडा खडा विक्रेत्याशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. त्या प्रमाणपत्रातून खडा अस्सल आहे की नाही हे कळते. तो ‘लाभेल’ की नाही, हे नव्हे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मात्र ‘गुण आला नाही’ ही तक्रार सिद्ध करणे कठीण असते. ‘खडा बिलाप्रमाणे नाही’ ही तक्रार सिद्ध करता येते, पण त्यासाठी आधी बिल हाती हवे.