कोंबडी हलाल, पण जागा कुणाची?

बी.एड. झाल्यावर माझी पहिली नोकरी सुरगाणा तालुक्यातली. मालेगावचा पोरगा डोंगरात मराठी शिकवायला निघाला तेव्हा मोहल्ल्यात सगळ्यांना वाटलं, याला शिक्षाच झाली. चार वर्षं राहिलो. कोकणा घरांमध्ये नागलीची भाकर आणि उडदाची भाजी खाल्ली, डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर पावरी ऐकली. पुढे बदलून आलो, आता उर्दू शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे या फेब्रुवारीत मेव्हणा म्हणाला, "दुल्हाभाई, जीपची सहल आहे, तुमच्या सुरगाण्यालाच," तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

पाच गाड्या, सगळ्या फोर बाय फोर. माणशी साडेचार हजार, दोन दिवस एक रात्र. नाशिकहून दिंडोरी, वणी, बोरगाव असं करत सुरगाण्याच्या पुढे गेलो आणि डांबर सोडलं. हा प्रदेश ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: सह्याद्री इथे गुजरातकडे पायरीपायरीने उतरतो. नार, पार या नद्या पश्चिमेला वाहतात आणि त्यांनी काळ्या दगडात खोल घळी कापल्या आहेत. पावसाळ्यात केळावणजवळच्या भिवतास धबधब्याचा आवाज दुरून येतो. एप्रिल उजाडला की याच तालुक्यात बाया हंडे घेऊन मैलभर चालतात. इतका पाऊस आणि इतकी तहान एकाच गावात असते, हे मला तिथे राहीपर्यंत खरं वाटलं नव्हतं.

आमचा गाइड शहरातला होता. गाडी उत्तम चालवायचा, वॉकीटॉकीवर सूचना द्यायचा. समोरच्या डोंगराचं नाव विचारलं तर म्हणाला, "सर, आम्ही याला व्ह्यूपॉइंट टू म्हणतो."

संध्याकाळी घळीच्या काठावर तंबू लागले. लाकडं आणणाऱ्या मुलांपैकी एकजण माझ्याकडे बघत उभा राहिला. "सर, तुम्ही?" माझा जुना विद्यार्थी. पाचवीत माझ्या हाताखाली होता, आता दोन मुलांचा बाप. दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातो, मध्ये सवड मिळाली की इथे लाकडं आणणं, भांडी घासणं. समोरच्या डोंगराचं नाव, त्याच्यावरच्या देवाचं ठाणं, खालच्या ओढ्यातली कुठली कातळ निसरडी, सगळं त्याला पाठ. गाइडचे पैसे मात्र दुसऱ्याला.

त्यानेच हळू आवाजात सांगितलं, "सर, दुपारी गाड्या वढ्यातून घातल्या ना, तिथं आमचा झिरा हाय."

झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात पाझरून पाणी साठतं, बाया वाटीवाटीने हंडा भरतात. दुपारी आम्ही तिथूनच तीनदा गेलो होतो. व्हिडिओ नीट आला नाही म्हणून पुन्हा. चाकं पाण्यात उडत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. मीही. चार वर्षं त्या तालुक्याचं पाणी प्यायलेला मास्तर, आणि मला ओळखू आलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, त्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या गटाने निघण्याआधी आयोजकाला तीनदा फोन केला होता: कोंबडी हलाल आहे ना? भांडी वेगळी आहेत ना? नमाजला थांबणार ना? सगळ्याची सोय झाली. पठारावर फोनवर किब्ला शोधून आम्ही जमातीने नमाज पढलो. जागा कुणाची आहे, गावाला विचारलं आहे का, हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच शिरा आणि परत जा म्हटलं तर परत जा, हे सूरह नूरमध्ये आहे. आपण ते दार असलेल्या घरापुरतंच धरलं. पाणवठा, वाट आणि सावली या तीन जागी घाण करू नका, ही हदीस तर जणू कॅम्पिंगवाल्यांसाठीच आहे. सकाळी तंबूमागे काय पडलं होतं ते लिहीत नाही.

कुणी म्हणेल, जंगल सरकारचं, त्यात गावाला काय विचारायचं? सुरगाणा हा अनुसूचित क्षेत्रातला तालुका आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे राज्याने २०१४ मध्ये केलेले नियम इथल्या ग्रामसभेला पाणी-जंगलाच्या बाबतीत हक्क देतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर दावा करता येतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत जो शेतकरी मोर्चा चालत गेला, त्याची मोठी मागणी हीच होती आणि त्यात सुरगाण्याची माणसं खूप होती. सुमारे १८० किलोमीटर, सहा दिवस, कित्येकांचे पाय फुटलेले. ज्या जमिनीच्या कागदासाठी ते चालले, तिच्यावर आम्ही टायर फिरवून आलो.

आणि रस्ता नसणं ही आमची मौज होती. २०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातल्या सीमेवरच्या काही गावांनी 'सोयी देता येत नसतील तर आम्हाला गुजरातला जोडा' अशी मागणी केली होती. बाळंतिणीला ज्या वाटेने डोलीतून न्यावं लागतं, त्याच वाटेला आम्ही 'ऑफरोड' म्हणतो आणि वर पैसे देतो.

सहली बंद करा असं मी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात असल्या सहलींचा मोठा धंदा आहे, लाल कातळांच्या घळी, आठवडाभर जीप आणि तंबू. पण तिथे आर्नहेम लँडमध्ये शिरायचं तर आदिवासी मालकांच्या वतीने लँड काउन्सिल परवाना देतं, तो आधी काढावा लागतो. १९७६ च्या कायद्याने जमीन त्यांची आहे. उलुरू या कातळावर चढणं तर २०१९ च्या ऑक्टोबरपासून बंदच झालं, कारण तिथल्या अनंगू लोकांना ते नको होतं. त्या देशाने आदिवासींवर जे अन्याय केले ते काही थोडे नाहीत, तरी एवढं त्यांना जमलं. आपल्याकडेही अकोले तालुक्यातलं पुरुषवाडी आहे. काजव्यांच्या दिवसांत तिथे पाहुणे गावकऱ्यांच्या घरी जेवतात, वाट गावातलीच माणसं दाखवतात. म्हणजे हे अशक्य नाही, फक्त आयोजकाचा नफा थोडा कमी होतो.

माझ्या विद्यार्थ्याला मी विचारलं, गाड्या आलेल्या तुम्हाला नकोत का? तो म्हणाला, "येऊ द्या ना सर. पण वरच थांबवा, खाली आम्ही चालत नेऊ." इतकं साधं. मग द्राक्षबागेच्या चार खेपा तरी वाचतील, असंही म्हणाला.

परत आल्यावर मी आयोजकाला हे सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पुढच्या सहलीची जाहिरात पाठवली, तिच्यात ओढ्यातल्या गाडीचा फोटो होता. मेव्हण्याला डिसेंबरमध्ये पुन्हा जायचं आहे. मी अट घातली: आधी सरपंचांना आणि ग्रामसभेला विचारायचं, वाटाड्या गावचा, गाड्या वर, झिऱ्याकडे पायी, आणि घाण परत घेऊन यायची.

"आणि ते नाही म्हणाले तर?" त्याने विचारलं.

तर सापुताऱ्याला जाऊ म्हटलं. तिथे डांबरी रस्ता आहे.