आधी गुणाकार, मग सवयी

हवामान बदलाचा विषय निघाला की घराघरांत दोन सल्ले हमखास मिळतात: खोलीबाहेर पडताना दिवा मालवा आणि चार्जरचं बटण बंद करा. सवयी चांगल्याच, पण हिशेबात त्यांचं वजन फार थोडं. उपकरण किती वॅटचं आणि ते किती तास चालतं, या गुणाकारावर घरातली वीज ठरते. ९ वॅटचा एलईडी दिवा तासभर विनाकारण जळला, तर युनिटचा शंभरावा हिस्साही खर्च होत नाही. २,००० वॅटचा गिझर पाव तास जास्त चालला की अर्धं युनिट जातं. तेवढ्यात तो दिवा दोन दिवस अखंड जळेल. दिवा डोळ्यांत भरतो, म्हणून सगळी शिस्त त्याच्याच वाट्याला येते.

या गुणाकारात सर्वांत दुर्लक्षित राहतो तो छताचा पंखा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा जवळपास तेवढाच वारा ३० वॅटच्या आसपास देतो. वर्षातले ८ महिने रोज १५ तास धरले, तर एका पंख्यामागे १६० युनिटं वाचतात. देशातली बहुतेक वीज अजून चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळूनच तयार होते. युनिटमागे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर ही बचत वर्षाला शंभर किलोंवर जाते. एसीचंही तसंच. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणून २० अंशांवर ठेवून पांघरूण घेण्यापेक्षा २६ अंश आणि जोडीला पंखा हे अधिक शहाणपणाचं.

नवा पंखा महाग पडतो, हा आक्षेप खरा आहे. पण महावितरणच्या बिलात १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो आणि बचत होते ती या वरच्या, महागड्या युनिटांची. त्यामुळे जादा किंमत दोनेक वर्षांत वसूल होऊ शकते. भाडेकरूला तर घर सोडताना पंखा सोबत नेता येतो. चांगला चालणारा पंखा भंगारात का घालायचा, हा प्रश्न त्याहून वजनदार. त्याचं उत्तरही तासांतच आहे: जो दिवसरात्र फिरतो तो आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. उरला शेवटचा आक्षेप, कारखाने धूर ओकत असताना आमच्या घराने काय होणार? देशातल्या विजेचा सुमारे पाव वाटा घरंच वापरतात, तेव्हा घरांना या हिशेबातून वगळता येत नाही. कारखान्यांना जाब जरूर विचारावा. पण त्यासाठी आपला पंखा बदलायचा थांबवण्याचं कारण नाही. शिस्त आपल्याकडे आहेच, ती फक्त जास्त वॅट आणि जास्त तास जिथे एकत्र येतात तिथे वळवायला हवी.